विश्लेषण : बोर्हेस, योसा यांना जगापुढे आणणारे कार्लोस बर्राल कोण होते? फ्रँकोच्या सेन्सॉरला त्यांनी कसे तोंड दिले?

एप्रिल २०२५ मध्ये पेरूचे नोबेल विजेते कादंबरीकार मारिओ वार्गास योसा यांचे निधन झाले आणि लॅटिन अमेरिकी कादंबरीच्या सुवर्णकाळाचा शेवटचा मोठा दुवा निखळला. गाब्रिएल गार्सिया मार्केझ, कार्लोस फुएन्तेस, हुलिओ कोर्तासार आणि योसा ही नावे जगभरातल्या वाचकांना ठाऊक आहेत. मात्र ही लाट उठली तेव्हा तिचे एक महत्त्वाचे केंद्र लॅटिन अमेरिकेत नव्हते, ते स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात होते. तेही जनरल फ्रँको यांच्या हुकूमशाहीत, जिथे प्रत्येक पुस्तक छापण्याआधी सरकारी मंजुरी लागत असे. या विसंगतीमागे एक कवी होता, जो पोटासाठी आणि हौसेसाठी प्रकाशक झाला. त्याचे नाव कार्लोस बर्राल. इतरांची पुस्तके वाचवण्यात यशस्वी ठरलेल्या या माणसाला स्वतःची संस्था मात्र राखता आली नाही.

कार्लोस बर्राल कोण होते?

बर्राल यांचा जन्म २ जून १९२८ रोजी बार्सिलोनात झाला. घरचा छपाई आणि प्रकाशनाचा व्यवसाय होता. सेश आणि बर्राल या दोन कुटुंबांनी मिळून १९११ मध्ये ‘सेश बर्राल’ ही संस्था उभारली होती. शाळेची पुस्तके, नकाशे आणि छपाईची कामे हा तिचा मुख्य धंदा. ललित साहित्याशी तिचा फारसा संबंध नव्हता.

कार्लोस आठ वर्षांचे असताना, १९३६ मध्ये स्पेनचे यादवी युद्ध सुरू झाले. वडिलांचे छत्रही लहानपणीच हरपले. १९३९ मध्ये युद्ध संपले ते फ्रँको यांच्या विजयाने. त्यानंतरचे शिक्षण जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत, कडक शिस्तीत आणि धार्मिक धाकात झाले. त्या वर्षांविषयी त्यांच्या मनात आयुष्यभर अढी राहिली. सुटका होती ती एकाच ठिकाणी, बार्सिलोनाच्या दक्षिणेला असलेल्या कालाफेल या मच्छीमारांच्या गावात. तिथले समुद्रकाठचे कोळ्याचे घर, होडी आणि कोळी मित्र हे त्यांचे दुसरे जग होते.

बार्सिलोना विद्यापीठातून १९५० मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. वकिली मात्र केली नाही. विद्यापीठात त्यांना मिळाला तो मित्रांचा कंपू. कवी हाइमे खिल दे बिएद्मा, कवी होसे आगुस्तिन गोइतिसोलो, समीक्षक होसे मारिया कास्तेयेत, भाषाभ्यासक गाब्रिएल फेर्रातेर. हे सारे तरुण विजेत्यांच्या स्पेनमध्ये वाढलेले, पण त्या स्पेनवर विश्वास न उरलेले होते. पुढच्या २० वर्षांत बर्राल यांनी जे काही केले, त्यात या मित्रांचा मोठा वाटा होता.

फ्रँकोच्या स्पेनमध्ये पुस्तक कसे छापले जाई?

हे समजून घेतल्याशिवाय बर्राल यांच्या कामाचे मोल कळत नाही. १९३८ च्या, म्हणजे युद्ध चालू असतानाच्या कायद्याने स्पेनमध्ये पूर्वपरवानगी सक्तीची झाली होती. प्रकाशकाने हस्तलिखित माद्रिदला सरकारकडे पाठवायचे. १९५१ नंतर हे काम माहिती आणि पर्यटन खात्याकडे आले. खात्याने नेमलेला वाचक ते वाचून छापील तक्त्यावर अहवाल लिही. प्रश्न ठरलेले असत. पुस्तक धर्मतत्त्वांवर हल्ला करते का? नीतिमत्तेवर? चर्चवर किंवा पाद्र्यांवर? राजवटीवर आणि तिच्या संस्थांवर? राजवटीला साथ देणाऱ्यांवर?

त्यानंतर तीनपैकी एक निकाल येई. मंजूर, काटछाट करून मंजूर किंवा नामंजूर. काटछाट करायची असेल तर पानांवर लाल पेन्सिलीच्या खुणा असत. काय चालेल आणि काय चालणार नाही, याचा पक्का नियम नव्हता. एका वाचकाने अडवलेले पुस्तक दुसऱ्याच्या हातून सुटू शके. म्हणजेच घासाघीस करायला जागा होती. बर्राल यांनी नेमकी ही जागा हेरली.

दुसरी एक फट पैशाची होती. यादवी युद्धापूर्वी लॅटिन अमेरिकेच्या पुस्तक बाजारात स्पेनचा दबदबा होता. युद्धानंतर अनेक लेखक, संपादक आणि प्रकाशक परागंदा झाले आणि मेक्सिको सिटी व ब्यूनोस आयर्स ही शहरे पुढे गेली. तो बाजार परत मिळवणे सरकारलाही हवे होते. त्यामुळे एकीकडे पुस्तके अडवायची आणि दुसरीकडे पुस्तकांची निर्यात वाढवायची, अशी ओढाताण सरकारी खात्यातच चालू होती. लॅटिन अमेरिकी लेखकाचे पुस्तक मागणाऱ्या प्रकाशकाला ही ओढाताण उपयोगी पडली.

‘बिब्लिओतेका ब्रेवे’ ही मालिका का महत्त्वाची?

१९५० च्या सुमारास बर्राल घरच्या संस्थेत कामाला लागले. दुसऱ्या भागीदार कुटुंबातले व्हिक्टर सेश हे त्यांचे जवळचे मित्र आणि सहकारी होते. व्यवहार व्हिक्टर यांनी पाहायचा, पुस्तकांची निवड बर्राल यांनी करायची, अशी साधारण वाटणी झाली. लॅटिनचे जाणकार जुआन पेतित हे वडीलधारे संपादक सोबतीला होते.

१९५५ मध्ये ‘बिब्लिओतेका ब्रेवे’, म्हणजे छोटेखानी ग्रंथालय, ही मालिका सुरू झाली. सुरुवातीला भर होता अनुवादांवर. आलाँ रोब-ग्रिये, मिशेल ब्युतोर यांच्यासारखे फ्रान्समधले नवे कादंबरीकार स्पॅनिश वाचकांना या मालिकेतून भेटले. बाहेर काय लिहिले जात आहे, हे कळण्याची वाट जवळपास बंद असलेल्या देशात ही मालिका खिडकीसारखी ठरली.

पुढचा टप्पा १९५८ चा. अप्रकाशित कादंबरीसाठी ‘बिब्लिओतेका ब्रेवे पुरस्कार’ सुरू झाला. पहिला मान लुइस गोइतिसोलो यांच्या ‘लास अफुएरास’ या कादंबरीला मिळाला. पुढच्या वर्षी हुआन गार्सिया ओर्तेलानो, १९६१ मध्ये काबायेरो बोनाल्द. हे लेखक स्पेनमधल्या साध्या माणसांचे जगणे, वर्गभेद आणि घुसमट लिहीत होते. राजवटीवर थेट टीका करणे शक्य नव्हते, त्यामुळे जे दिसते ते जसेच्या तसे मांडणे हाच निषेध होता.

बर्राल यांची नजर प्रस्थापित नावांपुरती नव्हती. हुआन मार्से हा तरुण १३ व्या वर्षापासून दागिन्यांच्या कारखान्यात काम करत होता, विद्यापीठाचे तोंडही त्याने पाहिलेले नव्हते. त्याची पहिली कादंबरी १९६० मध्ये पुरस्काराच्या अंतिम फेरीत आली. बर्राल आणि मित्रांनी त्याला आपल्यात सामावून घेतले. १९६५ मध्ये मार्से यांच्याच ‘उल्तिमास तार्देस कोन तेरेसा’ला हा पुरस्कार मिळाला. आज ती विसाव्या शतकातल्या महत्त्वाच्या स्पॅनिश कादंबऱ्यांत गणली जाते.

फॉर्मेन्तोर पुरस्काराने काय साधले?

देशात घासाघीस करून पुस्तके छापणे हा एक मार्ग होता. दुसरा मार्ग होता बाहेरच्या जगाला साक्षीदार करण्याचा. मायोर्का बेटाच्या टोकाला फॉर्मेन्तोर नावाचे हॉटेल आहे. तिथे १९५९ मध्ये कवींची आणि त्याला जोडून कादंबरीकारांची बैठक झाली. त्यातून युरोप-अमेरिकेतल्या प्रकाशकांना एकत्र आणण्याची कल्पना पुढे आली. फ्रान्सचे गालिमार, इटलीचे एइनाउदी, जर्मनीचे रोवोल्ट, ब्रिटनचे वायडेनफेल्ड अँड निकल्सन, अमेरिकेचे ग्रोव्ह प्रेस आणि यजमान सेश बर्राल. पुढे आणखी प्रकाशक आले आणि संख्या १३ वर गेली.

पुरस्कार दोन होते. एक आधीच नाव असलेल्या लेखकासाठी आंतरराष्ट्रीय पुरस्कार, दुसरा नव्या हस्तलिखितासाठी फॉर्मेन्तोर पुरस्कार. दुसऱ्याची खासियत अशी, की जिंकलेली कादंबरी सर्व सहभागी प्रकाशकांनी आपापल्या देशात काढायची.

१९६१ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय पुरस्कार सॅम्युएल बेकेट आणि होर्हे लुइस बोर्हेस यांना विभागून मिळाला. १० हजार डॉलर दोघांत वाटले गेले. बेकेट तोवर युरोपात गाजलेले होते. बोर्हेस मात्र अर्जेंटिनाबाहेर आणि फ्रान्समधल्या काही साहित्यिक वर्तुळांबाहेर फारसे वाचले जात नव्हते. वय साठीच्या पुढे, दृष्टी जवळपास गेलेली, ब्यूनोस आयर्समध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालकपद. पुरस्कारानंतर लगेच, १९६२ मध्ये त्यांच्या कथा इंग्रजीत पुस्तकरूपाने आल्या आणि काही वर्षांतच ते जगाचे लेखक झाले.

बर्राल यांच्यासाठी या पुरस्काराचा आणखी एक उपयोग होता. माद्रिदमधल्या अधिकाऱ्याने एखादे पुस्तक अडवले, तरी ते पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कमध्ये निघणारच होते. मग बंदीची बातमी होणार आणि बदनामी सरकारची होणार. पर्यटक आणि परकीय चलन हवे असलेल्या राजवटीला ती नको होती.

सरकारलाही हे लवकरच उमगले. १९६२ मध्ये एइनाउदी यांनी फ्रँकोविरोधी स्पॅनिश गाण्यांचा संग्रह इटलीत काढला, तेव्हा माद्रिदचा संताप झाला. त्यानंतर हा सोहळा स्पेनमध्ये होऊ शकला नाही. १९६३ मध्ये तो ग्रीसमधल्या कोर्फू बेटावर आणि १९६४ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला झाला. हॉटेलचे नाव तेवढे पुरस्काराला चिकटून राहिले.

कोऱ्या पानांचे पुस्तक कोणाला मिळाले?

कोर्फूला १९६३ मध्ये फॉर्मेन्तोर पुरस्कार मिळाला होर्हे सेम्प्रून यांच्या ‘ल ग्राँ व्हॉयाज’, म्हणजे दीर्घ प्रवास, या फ्रेंचमध्ये लिहिलेल्या कादंबरीला. सेम्प्रून मूळचे माद्रिदचे. युद्धामुळे कुटुंब देशोधडीला लागले. फ्रान्समध्ये नाझींविरुद्ध लढताना ते पकडले गेले आणि बुखेनवाल्डच्या छळछावणीत डांबले गेले. तिथे नेणाऱ्या मालगाडीच्या डब्यातला प्रवास हा या कादंबरीचा विषय. पुढे कम्युनिस्ट पक्षासाठी खोट्या नावाने स्पेनमध्ये गुप्त काम करणारा हा माणूस फ्रँको राजवटीला चालणे शक्यच नव्हते. कादंबरीवर स्पेनमध्ये बंदी आली.

१९६४ मध्ये साल्झबर्गला पुरस्कार समारंभ झाला. रीत अशी होती, की प्रत्येक प्रकाशकाने उठून आपल्या भाषेतली प्रत लेखकाच्या हाती द्यायची. एकामागून एक प्रती आल्या. बर्राल यांची पाळी आली. स्पॅनिश आवृत्ती मेक्सिकोत छापायचे ठरले होते, पण ती तयार झालेली नव्हती. म्हणून त्यांनी एकच प्रत बनवून घेतली होती. मुखपृष्ठ होते, बांधणी होती, आकार खऱ्या पुस्तकाचा होता. आत मात्र सगळी पाने कोरी होती. आपल्या मातृभाषेतले आपले पुस्तक सेम्प्रून यांना असे मिळाले. अनेक वर्षांनी आत्मकथनपर लेखनात त्यांनी या प्रसंगाविषयी सविस्तर लिहिले. त्या प्रतींपैकी सर्वांत जवळची वाटली ती हीच, अशी त्यांची भावना होती.

या कादंबरीची स्पॅनिश आवृत्ती स्पेनमध्ये निघाली ती फ्रँको यांच्या मृत्यूनंतर, १९७६ मध्ये, सेश बर्रालकडूनच. १९८८ मध्ये सेम्प्रून लोकशाही स्पेनचे सांस्कृतिक मंत्री झाले.

योसा यांची पहिली कादंबरी कशी सापडली?

१९६२ मध्ये योसा २६ वर्षांचे होते आणि पॅरिसमध्ये पोटापाण्यासाठी पत्रकारिता करत होते. लिमामधल्या लिओन्सिओ प्रादो या लष्करी शाळेतल्या अनुभवांवर त्यांनी कादंबरी लिहिली होती. ती छापायला प्रकाशक मिळत नव्हता. स्पॅनिश साहित्याचे फ्रेंच अभ्यासक क्लोद कूफाँ यांनी बर्राल यांचे नाव सुचवले.

बर्राल यांनी पुढे सांगितल्यानुसार, हस्तलिखित संस्थेत आले तेव्हा पहिल्या वाचकाचा अहवाल प्रतिकूल होता. ते बाजूला पडून होते. एका रिकाम्या दुपारी त्यांनी सहज चाळायला घेतले आणि खाली ठेवू शकले नाहीत. त्यांनी योसा यांना गाठले आणि पुरस्कारासाठी कादंबरी पाठवायला राजी केले. डिसेंबर १९६२ मध्ये ‘ला सिउदाद इ लोस पेर्रोस’, म्हणजे शहर आणि कुत्रे, या कादंबरीला बिब्लिओतेका ब्रेवे पुरस्कार जाहीर झाला. लॅटिन अमेरिकी लेखकाला तो पहिल्यांदाच मिळत होता.

आता खरी अडचण सुरू झाली. कादंबरीत लष्करी अधिकारी, शाळेतली क्रूरता, लैंगिक उल्लेख असे सगळेच होते. लष्कराच्या जोरावर सत्तेत आलेल्या राजवटीत हे कसे चालावे? बर्राल यांनी जवळपास वर्षभर माद्रिदमधल्या खात्याशी वाटाघाटी केल्या. खात्याचे उच्चपदस्थ अधिकारी कार्लोस रोब्लेस पिकेर यांच्यापर्यंत प्रकरण नेले. पुस्तकाला ढाल म्हणून कवी आणि प्राध्यापक होसे मारिया वाल्वेर्दे यांची प्रस्तावना जोडली. शेवटी वाद आठ वाक्यांवर आला. त्यातले एक गमतीचे आहे. एका कर्नलच्या पोटाला देवमाशाची उपमा दिली होती. त्याने लष्कराचा अपमान होतो, असे खात्याचे म्हणणे. मग रोजच्या शब्दाऐवजी त्याच प्राण्याच्या वर्गाचे शास्त्रीय नाव घालून मार्ग काढण्यात आला. अर्थ तोच राहिला, ठसका गेला.

१९६३ मध्ये कादंबरी प्रकाशित झाली. पुढच्या आवृत्तीत बर्राल यांनी गुपचूप मूळ शब्द परत घातले. खात्याने एकदा शिक्का मारला, की दुसऱ्यांदा कोणी ओळ न् ओळ तपासत नाही, हे त्यांना अनुभवाने माहीत झाले होते.

ही तडजोड होती की झुंज?

हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता. सेन्सॉरबरोबर टेबलावर बसणे म्हणजे त्याची सत्ता मान्य करणे नव्हे का? आठ वाक्ये बदलायला तयार होणे म्हणजे नवव्याची वाट मोकळी करणे नव्हे का? परदेशात राहून संपूर्ण पुस्तक छापणाऱ्यांना असे म्हणणे सोपे होते.

बर्राल यांची बाजू वेगळी होती. पुस्तक देशात पोहोचले तरच इथला वाचक ते वाचू शकेल, हा त्यांचा साधा हिशेब. आणि हा हिशेब प्रत्येक वेळी जमलाच असे नाही. क्युबाचे गिएर्मो काब्रेरा इन्फान्ते यांना १९६४ चा पुरस्कार मिळाला, पण ती कादंबरी ‘त्रेस त्रिस्तेस तिग्रेस’ या नव्या रूपात आणि सेन्सॉरची कात्री लागूनच १९६७ मध्ये बाहेर आली. त्याच वर्षी पुरस्कार मिळालेल्या कार्लोस फुएन्तेस यांच्या ‘काम्बिओ दे पिएल’ला तर परवानगीच मिळाली नाही. ती मेक्सिकोत छापावी लागली. पुरस्कार बार्सिलोनाचा, पुस्तक मेक्सिकोचे, अशी स्थिती झाली.

१९६६ मध्ये नवा कायदा आला. पूर्वपरवानगीची सक्ती कागदोपत्री गेली. पण छापलेले पुस्तक जप्त करण्याचा अधिकार सरकारकडे राहिला. म्हणजे आता पुस्तक अडवले गेले तर हस्तलिखित नव्हे, सगळी आवृत्ती बुडणार. भीतीचा खर्च सरकारकडून प्रकाशकाच्या खिशाकडे सरकला.

कार्मेन बाल्सेल्स यांचा या कहाणीशी काय संबंध?

लॅटिन अमेरिकी लेखकांच्या यशाचे श्रेय ज्यांना हमखास दिले जाते, त्या साहित्य एजंट कार्मेन बाल्सेल्स यांनी सुरुवातीच्या काळात बर्राल यांच्यासाठी काम केले. १९३० मध्ये कॅटलोनियातल्या एका खेड्यात जन्मलेल्या बाल्सेल्स यांच्याकडे सेश बर्रालच्या लेखकांचे परदेशी हक्क विकण्याचे काम सोपवले होते. हे करताना त्यांच्या लक्षात आले, की एजंट प्रकाशकाचा असून चालत नाही, तो लेखकाचा असायला हवा. त्यांनी हे बर्राल यांना स्पष्ट सांगितले. म्हणजेच आता त्या समोरच्या बाजूला बसून बर्राल यांच्याशीच भाव करणार होत्या. बर्राल यांनी ते मान्य केले.

त्यानंतर बाल्सेल्स यांनी स्पॅनिश प्रकाशन व्यवहाराची घडीच बदलली. तोवर लेखक एकदा सही करे आणि पुस्तक कायमचे प्रकाशकाचे होई. बाल्सेल्स यांनी करारांना मुदत आणि प्रदेशाची मर्यादा घातली. इतक्या वर्षांसाठी, एवढ्या देशांसाठी. मुदत संपली की हक्क लेखकाकडे परत. १९७० मध्ये त्यांनी लंडनला जाऊन योसा यांना प्राध्यापकी सोडायला लावली, दरमहा ५०० डॉलरची हमी दिली आणि बार्सिलोनाला बोलावून घेतले. मार्केझ १९६७ पासूनच तिथे राहत होते. लेखक लेखनावर जगू शकतो, ही गोष्ट त्यांनी व्यवहारात उतरवली. लेखक शोधणारा बर्राल आणि लेखकाचा हक्क राखणाऱ्या बाल्सेल्स, अशा दोघांच्या कामातून बार्सिलोना हे त्या पिढीचे घर झाले.

मार्केझ यांची कादंबरी बर्राल यांनी खरेच नाकारली?

बर्राल यांचे नाव निघाले की हा प्रश्न येतोच. ‘एकशे वर्षांचे एकाकीपण’ म्हणून आपल्याकडे उल्लेखली जाणारी मार्केझ यांची कादंबरी १९६७ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या सुदामेरिकाना या संस्थेने काढली आणि तिचा खप पाहता पाहता वाढत गेला. त्यानंतर आख्यायिका पसरली, की हे हस्तलिखित आधी बर्राल यांच्याकडे आले होते आणि त्यांनी ते परत पाठवले.

बर्राल यांनी हे सतत नाकारले. आपण ते हस्तलिखित वाचलेच नव्हते, आलेल्या निरोपाला वेळेत उत्तर देणे राहून गेले, असा त्यांचा खुलासा होता. पण आख्यायिकेपुढे खुलासा टिकत नाही. योसा, मार्से, काब्रेरा इन्फान्ते यांना निवडणारा संपादक लोकांच्या लक्षात राहिला तो न छापलेल्या एका पुस्तकासाठी. गंमत म्हणजे १९७२ मध्ये मार्केझ यांचा ‘एरेंदिरा’ हा कथासंग्रह स्पेनमध्ये काढला तो बर्राल यांनीच, मात्र तोवर संस्था बदलली होती.

स्वतःची संस्था त्यांनी का गमावली?

ऑक्टोबर १९६७ मध्ये फ्रँकफर्टच्या पुस्तक मेळ्यासाठी गेलेले व्हिक्टर सेश यांचा ट्रामच्या धडकेने मृत्यू झाला. बर्राल यांनी मित्र तर गमावलाच, पण त्यांच्या महागड्या स्वप्नांना संस्थेत पाठीशी घालणारा माणूसही गेला. जुआन पेतित आधीच, १९६४ मध्ये वारले होते. दोन कुटुंबांतले मतभेद वाढत गेले. बर्राल हे व्यवहारात काटेकोर नव्हते, हे त्यांचे मित्रही मान्य करत. प्रतिष्ठा भरपूर, नफा बेताचा, असे हे प्रकाशन होते.

१९७० मध्ये फाटाफूट झाली. ज्या संस्थेवर त्यांचे आडनाव होते, तिथून त्यांना बाहेर पडावे लागले. या धुमश्चक्रीत त्या वर्षीचा पुरस्कारही अडकला. चिलीचे होसे दोनोसो यांच्या ‘एल ओब्सेनो पाहारो दे ला नोचे’ या कादंबरीला तो मिळणार अशी स्थिती असताना पुरस्कार दिलाच गेला नाही. बर्राल यांनी ‘बर्राल एदितोरेस’ ही नवी संस्था काढली. पेरूचे आल्फ्रेदो ब्रायसे एचेनिके यांची ‘उन मुन्दो पारा हुलिउस’ ही पहिली कादंबरी तिथेच निघाली. निवडीतली नजर तीच होती, पाठीशी भांडवल नव्हते. दशक संपता संपता ही संस्थाही बंद पडली.

कवी बर्राल यांचे काय झाले?

बर्राल स्वतःला आधी कवी समजत. १९५७ मध्ये ‘मेत्रोपोलितानो’ हा पहिला महत्त्वाचा संग्रह आला, १९६१ मध्ये ‘दिएसिनुएवे फिगुरास दे मी इस्तोरिया सिविल’. रिल्के यांच्या ऑर्फियसवरील सुनीतांचा स्पॅनिश अनुवाद त्यांनी केला. १९५९ मध्ये कवी आन्तोनिओ माचादो यांच्या मृत्यूला २० वर्षे झाली, तेव्हा फ्रान्समधल्या कोलिऊर येथील त्यांच्या कबरीपाशी जमलेल्या तरुण कवींत बर्राल होते. स्पॅनिश साहित्यात पन्नाशीची पिढी म्हणून जो गट ओळखला जातो, त्याची ती जणू जाहीर हजेरी होती.

मात्र त्यांची कविता अवघड होती आणि संख्येने थोडी. दिवसभर इतरांची हस्तलिखिते वाचणाऱ्याकडे स्वतःच्या लेखनासाठी वेळ उरत नसे. प्रकाशन हातचे गेले तेव्हा लेखनाला वाव मिळाला. १९७५ मध्ये, फ्रँको यांचा मृत्यू झाला त्याच वर्षी, ‘आन्योस दे पेनितेन्सिया’ हा आठवणींचा पहिला खंड आला. दुसरा १९७८ मध्ये आणि तिसरा १९८८ मध्ये. युद्धानंतरच्या बार्सिलोनाचे, तिथल्या सुखवस्तू घरांचे, शाळांचे आणि साहित्यिक मंडळींचे इतके धारदार चित्र क्वचितच कोणी रेखाटले असेल. आज लेखक म्हणून त्यांचे नाव मुख्यतः या तीन खंडांमुळे आहे. १९८३ मधल्या ‘पेनुल्तिमोस कास्तिगोस’ या कादंबरीत तर त्यांनी कार्लोस बर्राल नावाचेच पात्र घातले आणि त्याला मरण दिले.

लोकशाही आल्यावर ते समाजवादी पक्षाकडून राजकारणात उतरले. १९८२ मध्ये तार्रागोना प्रांतातून सिनेटवर निवडून गेले. १९८६ मध्ये स्पेन युरोपीय समुदायात सामील झाल्यावर काही काळ युरोपीय संसदेतही होते. दाढी आणि खलाशाची टोपी अशा अवतारातले बर्राल कालाफेलच्या किनाऱ्यावर जास्त रमत. १२ डिसेंबर १९८९ रोजी बार्सिलोनात, वयाच्या ६१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आज त्यांच्या कामातले काय उरले आहे?

सेश बर्राल हे नाव आजही पुस्तकांवर दिसते, पण १९८२ पासून ती संस्था प्लानेता या मोठ्या समूहाचा भाग आहे. १९७० च्या दशकात खंडित झालेला बिब्लिओतेका ब्रेवे पुरस्कार १९९९ मध्ये पुन्हा सुरू झाला. फॉर्मेन्तोर पुरस्कारही २०११ पासून परतला आणि पहिला मान मिळाला कार्लोस फुएन्तेस यांना, ज्यांची पुरस्कारप्राप्त कादंबरी एकेकाळी स्पेनमध्ये छापू दिली नव्हती. कालाफेलचे कोळ्याचे घर आता संग्रहालय आहे.

सेन्सॉर खात्याची कागदपत्रेही जपली गेली आहेत. माद्रिदजवळच्या आल्काला दे एनारेस येथील सरकारी अभिलेखागारात ती अभ्यासकांना पाहता येतात. कोणत्या पुस्तकावर कोणी काय शेरा मारला, लाल पेन्सील कुठे फिरली आणि प्रकाशकाने उत्तरादाखल कसली पत्रे लिहिली, हे सगळे त्यात आहे. एका शब्दासाठी महिनोन् महिने चाललेला पत्रव्यवहार तिथे सापडतो.

पुस्तकाच्या इतिहासात लेखकाचे नाव राहते, वाचकाच्या मनात गोष्ट राहते. ते पुस्तक हाती पडावे म्हणून कोणी किती हेलपाटे घातले, हे सहसा नोंदले जात नाही. बर्राल यांनी आपल्या आठवणी लिहिल्या म्हणून स्पेनमधल्या त्या हेलपाट्यांचा हिशेब निदान काही प्रमाणात तरी आपल्याला वाचता येतो.